फोन झोपला, काम राहिलं: बंद पडद्यामागे ॲपची कामं वेळेवर कशी करून घ्यायची

औषधाच्या वेळा सांगणारं एक लहानसं ॲप मी लिहीत होतो. रात्री ११ वाजता, सकाळी ८ च्या गोळीसाठी ९ तासांचा टायमर लावला, केबल काढली, फोन उशाशी ठेवला आणि झोपलो. सकाळी ८ ला काहीच वाजलं नाही. साडेनऊला मीच उठून लॉग पाहिला. टायमर जिवंत होता आणि त्याच्या हिशेबाने अजून ६ तास बाकी होते! भिंतीवरच्या घड्याळाने साडेदहा तास मोजले होते, टायमरने फक्त ३.

हाच कोड दिवसभर टेबलावर बिनचूक चालला होता, कारण दिवसभर फोनला केबल लावलेली होती. घोडं इथेच पेंड खातं. ॲप लिहिणाऱ्याचा फोन कधी झोपत नाही आणि वापरणाऱ्याचा बहुतेक वेळ झोपलेलाच असतो.

मग पहिला मोह होतो तो फोन जागा ठेवण्याचा. मीही वेकलॉक, म्हणजे प्रोसेसरला झोपू न देणारा कुलूप-हक्क, घेऊन बसलो होतो. बॅटरी संपली, वापरणाऱ्याने ॲप काढून टाकलं, आणि ॲपच नाही तर गोळीची आठवण कुठून येणार? म्हणून ‘फोन जागा कसा ठेवू’ हा प्रश्न सोडून द्या आणि ‘या कामाला किती उशीर चालेल’ असं विचारा. त्याचं उत्तर मिळालं की साधन जवळजवळ आपोआप ठरतं. पुढचं बरंचसं अँड्रॉइडबद्दल आहे. आयफोनचं गणित वेगळं आहे, ते शेवटाकडे घेतलं आहे.

आधी झोप ओळखा

पडदा बंद होणं म्हणजे झोप नव्हे. पडदा बंद झाल्यावर, कुणी वेकलॉक धरून ठेवला नसेल तर, प्रोसेसर थांबतो. माझा टायमर इथेच फसला. मी टायमरसाठी वापरलेलं हँडलरचं पोस्ट-डिलेड (‘इतक्या वेळाने हे कर’ असं सांगणारी सोय) ज्या घड्याळावर चालतं, त्याला अपटाइम म्हणतात, आणि प्रोसेसर गाढ झोपला की ते घड्याळही थांबतं. मधूनमधून कुठल्या ना कुठल्या कारणाने फोन जागा होतो तेवढीच मिनिटं त्यात जमा होतात. रात्रभरात जमलेले ते ३ तास असे आले. झोपेतही चालणारं घड्याळ वेगळं आहे. त्याचं नाव इलॅप्स्ड-रिअलटाइम, आणि ते फोन सुरू झाल्यापासूनचा सगळा वेळ मोजतं. तिसरं घड्याळ पडद्यावर दिसतं ते. ते वापरणारा हवं तेव्हा पुढेमागे करू शकतो.

याच्या वरची झोप म्हणजे डोझ. (औषधाच्या डोसशी गल्लत नको म्हणून या लेखात मी औषधाला गोळीच म्हणतो.) २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ बरोबर डोझ आला. फोन चार्जिंगला नाही, हलत नाही आणि पडदा बराच वेळ बंद आहे, असं दिसलं की यंत्रणा ॲपचं नेटवर्क बंद करते, वेकलॉककडे दुर्लक्ष करते आणि जॉब, सिंक व नेहमीचे अलार्म पुढे ढकलते. मग मध्येच थोडा वेळ खिडकी उघडते, अडकलेली कामं त्यात उरकून घेते आणि पुन्हा झोपते. जितका वेळ फोन पडून राहील तितक्या या खिडक्या लांब लांब अंतरावर जातात. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ ने याचीच हलकी आवृत्ती आणली. फोन खिशात हलत असला तरी पडदा बंद आणि चार्जर नाही एवढं तिला पुरतं.

तिसरी गोष्ट ॲपपुरती असते. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून यंत्रणा प्रत्येक ॲपला वापरानुसार एका गटात टाकते: सक्रिय, रोजच्या वापरातलं, वरचेवर वापरातलं आणि क्वचित वापरातलं. त्या आवृत्तीत सक्रिय सोडून बाकी तीन गटांची कामं अनुक्रमे २, ८ आणि २४ तासांपर्यंत लांबू शकत होती. पुढे ‘निर्बंधित’ असा आणखी एक गट जोडला गेला. तुमचं ॲप आठवडाभर कुणी उघडलं नसेल, तर फोन जागा असूनही त्याचं काम रखडू शकतं. ‘माझ्या फोनवर चालतं, त्यांच्याकडे चालत नाही’ या तक्रारीचं मूळ बरेचदा इथे सापडतं.

पायरी १: कागदावर तीन रकाने

कोड उघडण्याआधी ॲपचं प्रत्येक काम लिहा. त्यापुढे किती उशीर चालेल ते, आणि त्यापुढे नेट लागतं की नाही ते. माझ्या ॲपची यादी अशी झाली. गोळीची घंटी: एक मिनिटही उशीर नको, नेट नको. घेतलेल्या गोळ्यांच्या नोंदींचा बॅकअप: दिवसभरात केव्हाही, नेट हवं. घरच्या माणसाने दुसऱ्या फोनवरून पाठवलेला ‘गोळी घेतली का?’ हा निरोप: काही सेकंदांत हवा, पण कधी येईल ते माझ्या ॲपला आधी माहीत नाही.

तीन कामं, तीन वेगळी साधनं. हे तिन्ही एकाच कायम चालणाऱ्या सेवेत कोंबणं ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक होती. यादी करताना स्वतःशी प्रामाणिक राहा. ‘अगदी वेळेवर’ असं बहुतेक कामांपुढे लिहावंसं वाटतं, पण बॅकअप पहाटे ३ ला झाला काय आणि ५ ला झाला काय, कुणाला कळतं?

पायरी २: अगदी वेळेवरच हवं असेल तर अलार्म

घंटीसाठी अलार्ममॅनेजर, म्हणजे अँड्रॉइडची ठरल्या वेळी ॲपला उठवणारी सेवा. पण त्याची साधी सेट ही हाक (कोडमधून बोलवायचं फंक्शन) २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून काटेकोर राहिलेली नाही. यंत्रणा जवळपासचे अलार्म एकत्र करून वाजवते. त्याच वेळी आलेली सेट-एक्झॅक्ट काटेकोर आहे खरी, पण डोझमध्ये तीही खिडकीची वाट पाहते. डोझ भेदून जाणाऱ्या दोनच काटेकोर हाका आहेत. एक सेट-एक्झॅक्ट-अँड-अलाऊ-व्हाइल-आयडल. नाव एवढं लांब की वापरणारा दोनदा विचार करेल, बहुधा तोच हेतू असावा. डोझमध्ये ही हाक एका ॲपसाठी ९ मिनिटांत एकदाच वाजते. दुसरी सेट-अलार्म-क्लॉक. ही खरोखरच्या गजरासाठी आहे. यंत्रणा वेळेच्या थोडं आधी स्वतःहून डोझमधून बाहेर येते आणि वर पट्टीत गजराचं चिन्ह दिसतं. गोळीसाठी मी हीच वापरतो, कारण वापरणाऱ्यालाही गजर लागलेला दिसतो.

अलार्मचा प्रकार निवडताना ‘वेकअप’ असलेलाच घ्या. तो नसेल तर फोन दुसऱ्या कुणी जागा करेपर्यंत अलार्म गप्प बसतो. ‘सकाळी ८’ अशी घड्याळी वेळ असेल तर आरटीसी-वेकअप, ‘आतापासून ४० मिनिटांनी’ असं असेल तर इलॅप्स्ड-रिअलटाइम-वेकअप.

आता परवानगी. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, काटेकोर अलार्मला स्वतंत्र परवानगी लागते: शेड्यूल-एक्झॅक्ट-अलार्म. अँड्रॉइड १४ वर नव्याने बसवलेल्या, अँड्रॉइड १३ किंवा पुढचं लक्ष्य ठेवलेल्या बहुतेक ॲपना ती मुळात दिलेलीच नसते. वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. म्हणून दर वेळी अलार्म लावण्याआधी कॅन-शेड्यूल-एक्झॅक्ट-अलार्म्स असं विचारून घ्या. नाही म्हटलं तर एका साध्या वाक्यात कारण सांगा आणि सेटिंगच्या त्या पानावर न्या. परवानगी काढून घेतली गेली तर ॲप बंद पाडलं जातं आणि लावलेले काटेकोर अलार्म रद्द होतात. ती परत मिळाल्यावर यंत्रणा निरोप पाठवते, तो ऐकून सगळे अलार्म पुन्हा लावा. यूझ-एक्झॅक्ट-अलार्म नावाची दुसरी परवानगी आपोआप मिळते, पण ती गजर आणि कॅलेंडर यांसारख्या ॲपसाठी आहे आणि ॲप स्टोअर ते तपासतं. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगीही वेगळी मागावी लागते. ती नसेल तर अलार्म वेळेवर वाजतो आणि वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही!

पुढच्या चार गोष्टी मी प्रत्येक वेळी ठेच लागून शिकलो.

अलार्म वाजल्यावर काय करायचं ते यंत्रणेकडे देऊन ठेवलेली चिठ्ठी म्हणजे पेंडिंग-इंटेंट. प्रत्येक गोळीच्या चिठ्ठीला वेगळा रिक्वेस्ट-कोड (ओळखीचा आकडा) द्या. मी सगळ्यांना ० दिला होता. रात्रीच्या गोळीचा अलार्म लावला की सकाळचा पुसला जायचा, आणि कुठेही चूक म्हणून नोंद नाही.

रोजचा अलार्म सेट-रिपीटिंगवर सोडू नका, तो काटेकोर नसतो. एकदाच वाजणारा लावा, आणि तो वाजला की रिसीव्हरमध्ये (यंत्रणेचा निरोप ऐकणाऱ्या ॲपच्या भागात) सगळ्यात आधी उद्याचा लावा, मग नोटिफिकेशन दाखवा. क्रम उलटा असेल आणि नोटिफिकेशनच्या कोडमध्ये काही फुटलं, तर साखळी कायमची तुटते.

रिसीव्हरचं ऑन-रिसीव्ह चालू असेपर्यंतच यंत्रणा प्रोसेसर जागा ठेवते. ते संपलं की झोप. तिथून नवा थ्रेड सुरू करून नेटवर काही पाठवायला जाल तर काम अर्ध्यावर झोपेल. घंटी वाजवा, नोंद लिहा आणि बाकीचं वर्कमॅनेजरच्या (उशीर चालणारी कामं सांभाळणाऱ्या साधनाच्या, पायरी ३ पाहा) हवाली करा.

फोन बंद होऊन सुरू झाला की सगळे अलार्म जातात. बूट-कम्प्लीटेड ऐकून ते पुन्हा लावायचे, हे बहुतेकांना माहीत असतं. पण हा निरोप वापरणाऱ्याने फोन अनलॉक केल्यानंतर येतो. पहाटे अपडेटमुळे फोन पुन्हा सुरू झाला आणि माणूस झोपेतच असला, तर ८ ची घंटी गेली. अँड्रॉइड ७ पासून लॉक असतानाच येणारा लॉक्ड-बूट-कम्प्लीटेड हा निरोप आहे. रिसीव्हर डायरेक्ट-बूट जाणणारा, म्हणजे अनलॉकआधीही चालणारा, करा आणि गोळ्यांच्या वेळा अनलॉकआधी वाचता येणाऱ्या, डिव्हाइस-प्रोटेक्टेड साठ्यात ठेवा.

तसंच टाइमझोन बदलल्याचा आणि घड्याळ बदलल्याचा निरोपही ऐका. साठ्यात ‘८ वाजता’ ही वेळ ठेवा, मिलिसेकंदांचा आकडा नको. आकडा एका क्षणाला बांधलेला असतो, आणि प्रवासात तो क्षण मध्यरात्रीही येऊ शकतो.

पायरी ३: उशीर चालत असेल तर वर्कमॅनेजर

बॅकअपसारखं काम यंत्रणेवर सोडून द्यावं. वर्कमॅनेजर ते स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे ॲप मेलं किंवा फोन पुन्हा सुरू झाला तरी काम हरवत नाही. वेळेचा हट्ट न धरता अटी सांगा: मीटर नसलेलं नेट, चार्जिंग चालू, बॅटरी कमी नाही. फोन रात्री चार्जरला लावला की बॅकअप आपोआप होतो आणि बॅटरीला त्याची झळ लागत नाही. ‘फोन निष्क्रिय असताना’ अशीही अट आहे. तिच्यासोबत बॅकऑफ (फसलेलं काम पुन्हा करण्याआधी थांबायचा वेळ) ठरवायला गेलात तर मात्र काम बांधतानाच कोड चूक देऊन थांबतो.

ठरावीक अंतराने करायच्या कामाचं किमान अंतर १५ मिनिटं. ५ लिहिलंत तरी १५ च धरलं जातं, आणि ‘दर १५ मिनिटांनी’ म्हणजे डोझमध्ये ‘जमेल तेव्हा’. एका खेपेला जास्तीत जास्त १० मिनिटं मिळतात. काम फसलं आणि रिट्राय परत केलं, तर मूळ बॅकऑफ ३० सेकंदांचा असतो आणि तो दुप्पट होत जास्तीत जास्त ५ तासांपर्यंत जातो. सोबत देता येणारा डेटा १० किलोबाइटच्या आत हवा. नोंदी त्यात कोंबू नका, फक्त त्यांचा क्रमांक पाठवा.

काम नेहमी युनिक नावाने लावा आणि ‘कीप’ (आधीचं असेल तर तेच ठेव) हे धोरण ठेवा. नाव नसेल तर ॲप उघडेल तितक्या वेळा नवा बॅकअप रांगेत उभा राहतो. एका वापरणाऱ्याच्या फोनवर मला असे ४० बॅकअप सापडले होते.

मुख्य कसरत कामाच्या आतल्या कोडची आहे. तो कधीही मध्येच थांबवला जाईल आणि पुन्हा पहिल्यापासून चालवला जाईल, हे धरूनच लिहा. ‘आजच्या नोंदी पाठव’ असं न लिहिता ‘न पाठवलेल्या नोंदी पाठव’ असं लिहा. प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा क्रमांक द्या. तीच नोंद दोनदा पोचली तरी सर्व्हरने एकदाच ठेवली पाहिजे. पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांनी पाठवा आणि प्रत्येक गठ्ठा पोचला की लगेच खूण करा. असं काम ३ तास उशिरा चालो की तीनदा चालो, फरक पडत नाही. उशीर सोसू शकणारा कोड हीच झोपणाऱ्या फोनवरची खरी सोय आहे.

लगेच व्हायला हवं असं छोटं काम असेल, उदाहरणार्थ ‘गोळी घेतली’ हे बटण दाबल्यावर नोंद पाठवणं, तर त्याला एक्स्पिडायटेड, म्हणजे तातडीचं, करा. त्याला कोटा असतो. कोटा संपला तर साधं काम म्हणून चालव, अशी पळवाट ठेवा.

पायरी ४: बाहेरून येणाऱ्या हाकेसाठी पुश

घरच्यांचा निरोप आला का हे दर काही मिनिटांनी सर्व्हरला विचारत बसू नका. डोझमध्ये नेट बंद असतं, आणि चालू असतं तेव्हा बॅटरी जाते. फायरबेस या गूगलच्या सेवेतून सर्व्हर स्वतःहून फोनला संदेश ढकलतो, त्यालाच पुश म्हणतात. त्यातला उच्च प्राधान्याचा संदेश झोपलेल्या फोनला जागं करतो आणि ॲपला थोडा वेळ नेट देतो. पण हा हुकमी पत्ता जपून टाका. उच्च प्राधान्याने संदेश येतो आणि वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही, असं वरचेवर झालं की तुमच्या संदेशांचं प्राधान्य उतरवलं जातं. माणसाला दिसण्याजोगं असेल ते उच्च प्राधान्याने, बाकी साध्याने.

कायम चालणारी सेवा आणि बॅटरीची सूट

फोरग्राउंड सेवा, म्हणजे नोटिफिकेशन दाखवत सतत चालणारी सेवा, संगीत, चालण्याची नोंद, नकाशा अशा कामांसाठी ठीक आहे. आठवण देण्यासाठी नाही. अँड्रॉइड १२ पासून ती पार्श्वभूमीतून सुरू करायलाच मोजके अपवाद सोडता बंदी आहे, १४ पासून तिचा प्रकार जाहीर करावा लागतो, आणि १५ वर डेटा-सिंक प्रकाराला २४ तासांत ६ तासांची मर्यादा आहे.

बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून ॲपला सूट मागता येते. सूट मिळाली की डोझमध्ये नेट आणि वेकलॉक चालतात, पण नेहमीचे अलार्म तेव्हाही अडतात. म्हणजे पायरी २ टाळून सूट मागण्यात अर्थ नाही. काही उत्पादकांचे फोन याउपर स्वतःचे नियम लावतात आणि अलीकडच्या यादीतून ॲप सरकवलं की त्याचं सगळं थांबवतात. त्यावर कोडमध्ये पक्का उपाय नाही. अलार्म वाजायची वेळ आणि वाजल्याची वेळ ॲपनेच नोंदवावी, आणि दोन घंट्या चुकल्या तर त्या फोनच्या सेटिंगमध्ये काय बदलायचं ते वापरणाऱ्याला दाखवावं. सेटिंगमधून फोर्स-स्टॉप केलं असेल तर पुन्हा कुणी ॲप उघडेपर्यंत काहीही चालत नाही. हे वापरणाऱ्याला मदत-पानावर स्पष्ट सांगा.

आयफोनवर

तिथे वेळ ठरवणं तुमच्या हातात नाही, एवढं मान्य केलं की गोष्टी सोप्या होतात. २०१९ च्या आयओएस १३ पासून बीजी-टास्क-शेड्यूलर आहे. छोट्या रिफ्रेशला साधारण ३० सेकंद, मोठ्या प्रोसेसिंग कामाला काही मिनिटं, तीही शक्यतो फोन चार्जिंगला पडून असताना. त्यातली सर्वात लवकरची सुरुवात म्हणजे ‘याआधी नको’ एवढंच. ‘या वेळी कर’ असं सांगायची सोय नाही. कामाचं ओळखनाव इन्फो-पीलिस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) जाहीर करा, ॲप सुरू होतानाच नोंदवा, काम सुरू झालं की पुढच्याची मागणी आधी टाका, आणि वेळ संपल्यावर आवरतं घेणारा हँडलर लिहा. वापरणाऱ्याने ॲप वर सरकवून बंद केलं तर ते पुन्हा उघडेपर्यंत ही कामं होत नाहीत.

गोळीच्या घंटीसाठी मात्र ॲप जागं व्हायची गरजच नाही. स्थानिक नोटिफिकेशन यंत्रणेकडे आधीच सोपवून ठेवा, ती वेळेवर दाखवते. मर्यादा एका वेळी ६४ ची. दिवसाला ३ गोळ्या असतील आणि प्रत्येक वेगळी लावली तर २१ दिवसांत ६३ भरतात आणि बाविसाव्या दिवशी पहिल्या घंटीनंतर शांतता. म्हणून रोज तीच वेळ असलेल्या गोळीसाठी पुनरावृत्तीचा एकच कॅलेंडर ट्रिगर लावा.

पायरी ५: झोपवून तपासा

टेबलावर डोझची वाट पाहत बसायची गरज नाही. एडीबी शेलमध्ये (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या साधनात) ‘डम्पसिस बॅटरी अनप्लग’ म्हटलं की केबल असूनही फोनला ती काढल्यासारखं वाटतं. पडदा बंद करा आणि ‘डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल’ द्या. फोन डोझमध्ये गेला. आता अलार्मची वेळ येऊ द्या आणि पाहा. टप्प्याटप्प्याने न्यायचं असेल तर फोर्स-आयडलच्या जागी ‘स्टेप’. ‘डम्पसिस अलार्म’ने तुमचा अलार्म खरंच लागला आहे का ते दिसतं, ‘डम्पसिस जॉबशेड्यूलर’ने कोणत्या अटीसाठी काम अडलं आहे ते कळतं. ‘एएम सेट-स्टँडबाय-बकेट’ पुढे पॅकेजचं नाव आणि ‘रेअर’ लिहून ॲपला क्वचित वापराच्या गटात ढकलूनही पाहा.

झाल्यावर ‘डम्पसिस डिव्हाइसआयडल अनफोर्स’ आणि ‘डम्पसिस बॅटरी रीसेट’ हे दोन्ही विसरू नका. मी दुसरं विसरलो होतो. बॅटरीचा आकडा हलेना, चार्जिंगचं चिन्ह दिसेना, म्हणून दोन चार्जर बदलून पाहिले.

हे सगळं जमल्यावरही एक रात्र खरी घालवा. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आहे, पण त्या रात्री तेही बंद ठेवा. ॲपच्या लॉगमध्ये प्रत्येक कामाच्या तीन वेगळ्या वेळा लिहा: ठरलेली, सुरू झालेली आणि संपलेली. त्याशिवाय त्या क्षणी चार्जर होता का आणि ॲप कोणत्या गटात होतं तेही. मग केबल काढा, फोन पालथा ठेवा आणि सकाळी ८ पर्यंत त्याला हात लावू नका. माझ्या अलीकडच्या लॉगमध्ये घंटीच्या पहिल्या दोन रकान्यांत एका सेकंदाचाही फरक नाही, आणि बॅकअपच्या रकान्यांत ४ तास १० मिनिटांचा आहे. दोन्ही ओळी मला बरोबर वाटतात.